पहिला मान दाजींचा

दाजी, तुमच्या दुर्बिणीला मी हात लावला. आता काय ओरडायचं ते ओरडून घ्या.

तेराव्यापर्यंत कुणाची छाती झाली नव्हती. घरात माणसांची रीघ होती, घरामागच्या परड्यात चपला काढायला जागा नव्हती, पण जो तो तुमच्या त्या ओतीव लोखंडाच्या, बिडाच्या स्टँडला वळसा घालून जात होता. एका पोरानं नळीवरचं पोतं उचलून आत डोकावलं, तर त्याच्या आजीनं त्याचा कान धरला. 'हात लावू नगंस, वरडत्यात ते!' म्हणाली. ओरडणारा माणूस सोप्यात हार घालून फोटोत बसला होता, तरी पोरगं दचकून लांब झालं.

मला तुमचा राग एकाच गोष्टीसाठी आहे. आयुष्यात कुठलंही काम तुम्ही गाजावाजा न करता केलं नाहीत. नळाची तोटी बदलली तरी निम्म्या उचगावाला कळायचं. आणि जाताना मात्र पहाटे झोपेतच गेलात, शेजारच्या खाटेवर असलेल्या अक्कालासुद्धा कळू न देता. हे तुम्हाला अजिबात शोभलं नाही. निदान आपलं भांडण तरी मिटवून जायचं होतं.

भांडण तसं एका हिवाळ्याचं. तुमच्या दुर्बिणीतून देवयानी दिसते की नाही दिसत, एवढंच. तुम्ही म्हणायचात दिसते, मी म्हणायचो नाही दिसत. तिसरं मत अक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं आणि तुमच्या बायकोचं. तिचं म्हणणं, दिसू दे नाहीतर न दिसू दे, दोघांची भाकरी गार होते.

वर्कशॉप बंद केल्यापासून तुमच्या हातांना काम नव्हतं, हे सगळ्याचं मूळ. जन्मभर लेथवर लोखंड कातलेला माणूस. गुडघ्यांनी उभं राहायला नकार दिला म्हणून घरी बसलात आणि घरातली एकेक वस्तू दुरुस्त करायला लागलात. मिक्सर दुरुस्त झाला आणि कायमचा बंद पडला. इस्त्री दुरुस्त झाली आणि जाताना मीटर घेऊन गेली. शेवटी अक्कानं पुण्याला तुमच्या लेकीला, सुमीला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो. 'बाबास्नी कशात तर गुंतीव बाई,' अक्का म्हणाली, 'न्हायतर उद्या म्हशीला उघडून बघतील.' आठवड्याभरात पुण्याहून दुर्बीण आली.

खोक्यावर एक चित्र होतं. जांभळी, गुलाबी, मधूनच सोनेरी, भोवऱ्यासारखी फिरणारी दीर्घिका. भूगोलाचा निवृत्त मास्तर या नात्यानं मी तुम्हाला समजावून सांगितलं, की दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक गाव. आपली आकाशगंगा हे असंच एक गाव आणि देवयानी हे शेजारचं मोठं गाव. तुम्ही विचारलंत, 'शेजारचं म्हंजे किती लांब?' मी म्हणालो, तिथून निघालेला उजेड इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागतात. तुम्ही खोकं मांडीवर घेऊन त्या चित्रावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, 'मग बघायलाच पायजे की मास्तर. एवढ्या लांबनं आलेल्या पावण्याला दारातनं कोण परत लावतंय?'

तिथून तुम्हाला देवयानीचा नाद लागला.

दुर्बीण आली ती नेमकी खंडेनवमीच्या तोंडावर. हत्यारांची पूजा मांडलीत, त्यात पाने, हातोड्या आणि लेथची पाती यांच्या रांगेत दुर्बीणही बसवलीत. हळदकुंकू, झेंडू, नारळ, सगळं रीतसर. अंधार पडल्या पडल्या तुम्ही नळी चंद्रावर लावलीत आणि असे ओरडलात की गल्ली गोळा झाली. 'चंद्रावर तांबडा ढग हाय! तांबडा!' एकेकानं येऊन बघितलं. खरंच होता. दोघा-तिघांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, हे कशाचं तरी लक्षण आहे, पेपरला कळवायला पाहिजे. मी नळी रस्त्यावरच्या दिव्याकडं वळवली, तर दिव्यावर तांबडा ढग. म्हशीकडं वळवली, तर म्हशीवर तांबडा ढग. डोळा लावायची काच काढून बघितली, तर तिच्यावर तुमचं कुंकवाचं बोट.

तेव्हापासून तुमच्या डोळ्यांवरचा माझा विश्वास जरा डळमळला. आधी तो फार भक्कम होता अशातला भाग नाही. पन्हाळ्याच्या वाटेवर तुम्हाला आडवा गेलेला बिबट्या मला पाठ आहे. पहिल्यांदा सांगितलात तेव्हा तो कुत्र्याएवढा होता. दोन दिवाळ्या गेल्या आणि तो वासराएवढा झाला. सुमीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलात तेव्हा तो तुमच्या मोटारसायकलवर मागं बसायचाच काय तो बाकी राहिला होता. अशा माणसानं उद्या दुसऱ्या गावचे तारे बघितले म्हटलं, तर मास्तरनं काय करावं?

दुर्बिणीबरोबर तीन पायांचा एक हलका स्टँड आला होता. बघता बघता चंद्र सारखा नळीतून निसटायचा. तुम्ही स्टँडकडं असं बघितलंत, की त्याची मला दया आली. 'ह्यो स्टँड हाय का उदबत्तीचं घर? नट धरत न्हाय, नळी खाली बसतीया.' नट आवळलात. चंद्र निसटला. अजून आवळलात. नटाचे आटे गेले, चंद्र तरी निसटला. मग तुम्ही ओळखीच्या फौंड्रीत जाऊन स्वतः उभं राहून बिडाचा स्टँड ओतून घेतलात. टेंपोतून उतरवायला तालमीतली चार पोरं बोलावली. त्यातल्या एकानं जाताना विचारलं, 'तोफ बसवतासा काय दाजी?' परड्यात खड्डा काढून, काँक्रीट ओतून तो असा रोवलात की तुमच्या घराचा पायासुद्धा इतका पक्का नसेल. त्यावर हातानं फिरवली तरच फिरेल अशी नळी चढवलीत, बुडाचे चार नट सगळा जोर लावून आवळलेत आणि कमरेवर हात ठेवून म्हणालात, 'आता ही नळी हालली तर उचगाव हाललं म्हणायचं!'

आम्ही सगळे हसलो. मी तर सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

तरीही चंद्र निसटत राहिला. मग तुम्ही ठरवलंत की म्हैस पाय आपटते म्हणून जमीन हादरते. म्हैस परड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिनं रागानं दूध कमी केलं आणि अक्कानं रागानं चहा कमी केला. पण तुमच्या नियमांत फरक पडला नाही. नळीला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आणि काच सगळ्यांत जास्त पावरची लावायची, हा दुसरा. कमी पावरच्या काचेतून आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, असं मी पुस्तकात वाचून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'जास्त पावरची मोटर घरात असताना कमी पावरची विहिरीवर कोण बसवतंय?'

देवयानीचा पत्ता मात्र तुम्ही चटकन शिकलात, हे कबूल. नकाशातले भाद्रपदाचे चार तारे, तो मोठा चौकोन, त्याला तुम्ही कॅरमबोर्ड नाव दिलंत, आणि शर्मिष्ठा नावाचा शेजारचा तारकासमूहही ओळखायला लागलात. एका संध्याकाळी शेजारच्या वहिनींना तुम्ही पत्ता सांगत होता तो अजून कानात आहे. 'कॅरमबोर्डाच्या कोपऱ्यातनं निघायचं, दोन चौक पुढं जायचं, मग शर्मिष्ठेच्या अंगाला चढ लागतोय. बारक्या दोन चांदण्या चढून गेलं की डोक्याला देवयानीचं घर.' वहिनी आत जाऊन अक्काला हळूच विचारत होत्या, कोण ही देवयानी, आणि हे तिच्या घरी कधीपासून जातात.

आता मानाचं सांगतो, कारण घोळ तिथंच झाला.

आमच्या घरी पहिला मान जावयाचा. पांढऱ्या रश्श्याची पहिली वाटी तुमची, पहिलं ताट तुमचं, तुम्ही घास घेतल्याशिवाय आम्ही भाकरी मोडायची नाही, हे आमच्या वडिलांनी तुमच्या लग्नापासून घालून दिलेलं. मी कधी मोडलं नाही. पण उचगावात तुमच्या घरी मी पाहुणा, आणि पाहुण्याच्या आधी काही तोंडात घालणं तुम्हाला पाप वाटायचं. त्यामुळं आपल्या दोघांना समोरासमोर बसवून जेवू घालणं हे अक्कासाठी नेहमीच अवघड काम होतं. दुर्बिणीपाशी तेच चालू झालं.

तुम्ही देवयानीच्या घराचा चढ चढायचात. बराच वेळ एक डोळा मिटून, तोंड वासून, श्वास रोखून. मग एकदम, 'आली! घावली! या मास्तर, बसा!'

'न्हाय न्हाय दाजी, तुम्ही नीट बघून घ्या आधी.'

'मी बघितली की. तुम्ही पावणं, तुम्ही बसा.'

'असं कसं? मान तुमचा. मन भरून बघा, मग मी.'

मग तुम्ही माझ्या शब्दाखातर पुन्हा डोळा लावायचात. मग तुम्ही गुडघ्यावर हात देऊन उठायचात, स्टूल माझ्या बाजूला सरकवायचात, ते फडक्यानं झटकायचात. मी चष्मा काढायचो, तो खिशात ठेवायचो, खिशाचं बटण लावायचो. 'पंचवीस लाख वर्षं चालत आलाय त्यो उजेड,' तुम्ही वरून म्हणायचात, 'आणि तुम्ही बटणं लावतासा!' शेवटी मी डोळा लावायचो आणि आत नुसता काळोख, फार तर एखादी चुकार चांदणी.

'दिसली?'

'काय न्हाय ओ दाजी.'

'सरका. बघू.' तुम्ही डोळा लावायचात. 'आत्ता हुती की! आत्ता, देवाशप्पत!'

संपूर्ण हिवाळा हेच. तुम्हाला दिसायची, मला कधीच नाही. चहाच्या टपरीवर तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं की देवयानी रोज भेटते. लोक माझ्याकडं वळून विचारायचे, 'मास्तर, खरं हाय काय?' मी म्हणायचो, 'दाजी म्हणत्यात म्हंजे असंल.' आपल्याकडं याचा अर्थ काय होतो ते टपरीवरच्या बाकड्यालाही कळतं.

पण दाजी, त्या हिवाळ्यानं मला काय दिलं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. माझी बायको गेल्यापासून संध्याकाळ ही गोष्ट मला नकोशी झाली होती. दिवस कसाही जायचा. दिवे लागले की घर अंगावर यायचं. आणि बरोबर त्याच वेळेला तुमचा फोन वाजायचा. 'मास्तर, ढग न्हाईत. या.' ढग असले तर, 'ढग हाईत, पण जातील. जेवायलाच या.' मी बसमधून उचगावला यायचो, काहीही न दिसता जेवून परत जायचो, आणि झोप लागायची. तुम्हाला देवयानी दाखवायची होती की मला घरातून बाहेर काढायचं होतं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नसतंत, म्हशीवरून काहीतरी विषय काढला असतात.

शेवटचं भांडण जरा तापलं. त्या दिवशी मी थकलो होतो, तुम्ही तिसऱ्यांदा मला बसवलंत, तिसऱ्यांदा काळोख. तुम्ही नळीवर हात ठेवून विचारलंत, 'मास्तर, खरं सांगा. मी खोटं बोलतोय असं वाटतंय तुमास्नी?'

'खोटं न्हाय म्हणत,' मी म्हणालो, 'पण तिथं काय न्हाय दाजी. तुमास्नी दिसावं वाटतंय, म्हणून दिसतंय.'

नळीवर पोतं टाकलंत, सुतळीनं बांधलंत, आत गेलात. जेवताना माझ्याकडं बघत नव्हता, पण अक्काला म्हणालात, 'मास्तरास्नी दही वाढ, त्यांस्नी तिखट सोसत न्हाय.' निघताना दारात एवढंच म्हणालात, 'उद्या परत लावू. मग बघू कोण खरं.' दुसऱ्या दिवशी अवकाळी ढग आले. ते गेले तेव्हा तुम्हीही गेला होतात.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, सुमी पुण्याला गेली. मी अक्काजवळ राहिलो. गाव मला मास्तर म्हणतं, ती अजून बाळू म्हणते. भांडी लावता लावता ती मध्येच थांबली. 'बाळू, एक इच्यारू? त्यास्नी खरंच काय दिसायचं काय रं? का डोळ्यात शुगर उतरलीवती? का डोक्यातच काय झालतं? मी आपली भाकरी गार हुतीया म्हणून वरडायचो. दवाखान्यात न्यायला पायजे हुतं काय मी त्यास्नी?'

मी म्हणालो, 'दिसायचं असंल की.' तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी शाळा बुडवून घरी आलो की ती अशीच बघायची. मग भांडं पुसत म्हणाली, 'ते सामान घिऊन जा उद्या. मला बघवत न्हाय.'

म्हणून गेल्या आठवड्यात संध्याकाळी मी पाना घेऊन परड्यात गेलो. वाऱ्यावर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास येत होता. म्हैस माझ्याकडं संशयानं बघत होती. पहिल्या नटाला पाना लावला. हलला नाही. दुसऱ्याला लावला, पान्यावर उभा राहिलो, नट तसाच आणि माझी कंबर मात्र हलली. तुम्ही आवळलेला नट सोडवणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला नाही. दमून तुमच्या स्टुलावर बसलो आणि वर बघितलं. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कॅरमबोर्ड पश्चिमेला कलला होता. म्हटलं, न्यायचं तर राहिलंच, एकदा बघू तरी.

पोतं काढलं. नळीवर नेम धरायला बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून तुमच्याच पत्त्यानं निघालो. कोपरा, दोन चौक, शर्मिष्ठेच्या अंगाला चढ, बारक्या दोन चांदण्या. मग मोठ्या नळीला डोळा लावला.

ती होती तिथं, दाजी.

खोक्यावरचं जांभळं-गुलाबी काहीच नव्हतं. काळ्यावर एक पुसट पांढरट डाग, मध्ये जरा दाट, कडेला विरत गेलेला. एवढंच. कुणी 'आधी तुम्ही' म्हणायला नव्हतं म्हणून मी सरळ बघत बसलो होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मग डोळ्यांना काही दिसेना. मी नाक पुसलं आणि जोरात हाक मारली, 'अक्काऽऽ! ये लवकर! अक्का!'

'आलो, आलो! म्हस सुटली काय?' ती भाकरी थापत होती. आधी हात धुतले. मग पदराला पुसले. मग दारात चप्पल शोधली. मग स्टुलावर बसून पदर खोचला आणि विचारलं, 'कुठला डोळा लावू?' मी म्हणालो, कुठलाही लाव. तिनं डोळा लावला.

'काय न्हाय बाळू.'

'आत्ता हुती की!' मी ओरडलो. 'आत्ता, देवाशप्पत!'

माझ्या तोंडातून कुणाचे शब्द आले ते आम्हा दोघांनाही कळलं. अक्का सावकाश माझ्याकडं वळली. मी तिला बाजूला करून बघितलं तर आत काळोख. स्टँडला लाथ मारली, अंगठा ठेचकाळला, स्टँड ढिम्म. म्हैस लांबच्या टोकाला गपगार रवंथ करत होती. नट मी स्वतः दहा मिनिटांपूर्वी तपासलेले होते. मग हललं काय?

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडला कसला, वर्गातल्या मागच्या बाकावरचं पोरगं हसावं तसं कुणीतरी आत हसलं.

दाजी, नळी हलत नव्हती. उचगाव हलत होतं. बिडासकट, काँक्रीटसकट, म्हैस, टपरी, वहिनी सगळ्यांसकट. आपण दोघं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभे असताना अख्खी पृथ्वी आपल्या वेगानं गिरकी घेत होती. तुमच्या जास्त पावरच्या काचेत आकाशाचा इवलासा तुकडा मावायचा, तो मिनिटा-दोन मिनिटांत पुढं निघून जायचा. तुम्ही बघितलेली देवयानी खरी होती. मी बटण लावेपर्यंत तिथं थांबायला तिला काही कारण नव्हतं. जन्मभर मी पोरांना संत्र्यात विणायची सुई खुपसून पृथ्वी फिरते हे शिकवलं. माझ्या डोक्यात ती कायम वर्गातल्या टेबलावर फिरत राहिली, तुमच्या परड्यात फिरेल असं मला कधी वाटलं नाही. आणि तुम्ही तर सगळ्यांसमोर म्हणाला होतात, नळी हालली तर उचगाव हाललं म्हणायचं. एवढं सोपं करून सांगितलेलं माझ्या एकाही विद्यार्थ्याला चुकलं नसतं.

मी हसत सुटलो. थांबताच येईना. अक्का स्टुलावरून उठली. 'आता तुला काय झालं? तुझ्या बी डोक्यात काय झालं काय?'

'बस खाली,' मी म्हणालो. नळी पुन्हा देवयानीवर नेली, ती कुठल्या अंगाला सरकते ते बघितलं, आणि त्याच अंगाला नळी आणखी जराशी पुढं ढकलून ठेवली. 'आता डोळा लाव आणि नुसती बस. आपण शोधायचं न्हाय. पावणं चालत येतंय.'

ती बसली. 'काय न्हाय,' म्हणाली. 'काय न्हाय. ही एक चांदणी गेली. काय न्हाय. बाळू, तव्यावर भाकरी हाय.' मग तिनं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी वाट बघत होतो.

'आगं बाई,' अक्का म्हणाली.

'दिसलं?'

'दुधाचं बोट पुसल्यागत?'

'व्हय.'

तिनं डोळा काढला नाही. घरातून करपल्याचा वास यायला लागला, तरी काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भाकरी जळू दिली. तो डाग काचेतून पार होईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग स्टुलावर बसूनच म्हणाली, 'म्हंजे डोळं चांगलं हुतं त्यांचं.'

'चांगलं हुतं.'

'आणि डोकं बी.' पदराचं टोक तिनं डोळ्यांना लावलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, 'आणि तू त्यास्नी काय न्हाय, काय न्हाय म्हणत हुतास.'

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. दाजींना देवयानी दिसायची, खरोखर दिसायची, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. उचगाव फिरत होतं म्हणून मला दिसत नव्हती, तेही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकजण दुसऱ्याला म्हणाला, 'मास्तर म्हणत्यात म्हंजे असंल.' तुम्ही असता तर बाकड्यावर थाप मारून हसला असतात, म्हणून मीही हसलो.

दुर्बीण मी कुठंही नेणार नाही. नट सुटत नाहीत, हे एक कारण पुरेसं आहे. आता मी संध्याकाळी उचगावलाच असतो. पण एक बदल केलाय, तो तुम्हाला कळवायचा होता. मी नळी देवयानीच्या वाटेवर पुढं लावून ठेवतो, आणि अक्का आणि मी बाजूला होऊन म्हशीपाशी उभे राहतो. स्टूल झटकून रिकामं ठेवलेलं असतं. काचेत ती येते, इकडून तिकडं जाते, कुणी मध्ये येत नाही. तेवढा वेळ तुमचा. मग मी नळी परत पुढं करतो, आणि आमची पाळी.

काल मी जरा लवकर पुढं झालो. अक्कानं माझा हात धरला.

'थांब की जरा,' म्हणाली. 'त्यांचं अजून बघून झालं नसंल.'